स्लॉट कॅनियन आणि सँडस्टोनचे ट्रेल्स (युटा-ॲरिझोना): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा पाठवत असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. सुरुवातीला अगदी बेसिक आहेत, खाली जाल तसे किचकट. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान फ्लॅश फ्लडचे (अचानक येणाऱ्या पुराचे) दोन प्रश्न वाचाच, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

स्लॉट कॅनियन म्हणजे नक्की काय? साध्या दरीत आणि त्यात फरक काय?

रुंदी अगदी कमी आणि खोली भरपूर अशी दगडातली घळ. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात, काही ठिकाणी तर हात पसरायलाच जागा नसते. युटामधलं स्पूकी एका जागी जेमतेम १० इंच, म्हणजे साधारण २५ सेंटीमीटर रुंद आहे.

इथला बराचसा दगड नवाहो सँडस्टोन आहे, ज्युरासिक काळातला, जवळपास १८-१९ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे वाळूच्या टेकड्यांचं प्रचंड वाळवंट होतं, त्या टेकड्या गाडल्या गेल्या आणि त्यांचाच दगड झाला. भिंतीवर ज्या तिरक्या रेघा दिसतात ना, त्या म्हणजे त्या काळी वाऱ्याने रचलेले वाळूचे थर. लाल-केशरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा. मग त्या दगडाच्या भेगेत पुराचं पाणी घुसतं, सोबत वाळू आणि गोटे असतात, ते भिंत घासत घासत खाली जातात, आणि हे हजारो वर्षं चालू राहिलं की घळ तयार होते. भिंतीला हात लावून बघा, सँडपेपरसारखी लागते आणि बोटांना बारीक वाळू चिकटते. मुद्दा एवढाच लक्षात ठेवा की ही जागा पुरानेच बनवलीये आणि ते काम अजून संपलेलं नाही.

पहिल्यांदाच जातोय, कुठून सुरुवात करू?

माझं मत विचाराल तर लिटल वाइल्ड हॉर्स कॅनियन. गॉब्लिन व्हॅलीच्या जवळ आहे, सॅन राफाएल स्वेलमध्ये. परमिट लागत नाही, दोर लागत नाही, आणि बेल कॅनियन धरून लूप केला तर साधारण ८ मैल होतात. लूप नको असेल तर अर्धा तास आत जाऊन परत फिरा, तरी स्लॉट बघितल्याचं समाधान मिळतं.

नंतरची पायरी पीकाबू आणि स्पूकी, एस्कलान्टे भागात. तिथे सुरुवातीलाच भिंत चढून आत शिरावं लागतं, खोबणीत पाय रोवायला जमतं का हे तिथेच कळतं.

कुठल्याही कॅनियनचं रेटिंग बघायची सवय लावून घ्या. आकडा १ ते ४ असतो: १ म्हणजे नुसतं चालत, २ म्हणजे हात-पाय दोन्ही लावून, ३ म्हणजे दोर आणि रॅपलिंग (दोराने खाली उतरणं) येणारच, ४ फक्त कसलेल्या लोकांसाठी. पुढचं ए, बी, सी हे अक्षर पाण्याचं असतं, सी म्हणजे वाहतं पाणी. ३ आणि त्यापुढे सोबत जाणकार माणूस नसेल तर जाऊ नका, कारण पहिलं रॅपल करून दोर ओढून घेतला की परतीची वाट बंद होते.

कुठल्या महिन्यात यावं?

एप्रिल-मे, नाहीतर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात उघड्या दगडावर तापमान सहज ३८ अंशांच्या वर जातं आणि जुलै ते सप्टेंबर मान्सूनची वादळं येतात. हिवाळ्यात गर्दी नसते पण घळीत जिथे ऊन पोचत नाही तिथे बर्फ टिकून राहतो आणि डबक्यांचं पाणी जीवघेणं गार असतं. वसंतात वर बर्फ वितळतो म्हणून झायन नॅशनल पार्कमधलं नॅरोज (व्हर्जिन नदीच्या पात्रातून चालायची अरुंद घळ) बरेचदा बंद असतं, ते डोक्यात ठेवूनच तारखा ठरवा.

आकाश एकदम निरभ्र असेल तर फ्लॅश फ्लडची भीती नाही ना?

आहे. आणि सगळ्यात जास्त गैरसमज ह्याच गोष्टीबद्दल असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या डोक्यावर काय चाललंय ह्याला फारसा अर्थ नाही, वरच्या पाणलोटात काय चाललंय ते महत्त्वाचं. इथली जमीन म्हणजे उघडा दगड आणि कडक माती, पाणी मुरतच नाही, सगळं घरंगळत ओढ्यात येतं, ओढे एकत्र होतात आणि तो लोंढा शेवटी एका दोन-तीन फूट रुंदीच्या फटीत शिरतो. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये ११ जण वाहून गेले. कॅनियनवर पाऊस जवळपास नव्हताच, तो पडला होता मैलोन् मैल वर. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनमधल्या कीहोल कॅनियनमध्ये ७ जणांचा अख्खा ग्रुप पुरात गेला.

बकस्किन गल्च ह्या लांबलचक स्लॉटमध्ये चालताना वर बघा. डोक्याच्या खूप वर दोन भिंतींच्या मधे झाडाचे ओंडके आडवे अडकून बसलेले दिसतात. ते पुराच्या पाण्याने तिथे नेऊन ठेवलेत. पाणी कुठपर्यंत चढतं हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही.

मग करायचं काय? नॅशनल वेदर सर्व्हिस इथल्या पार्क्ससाठी रोज फ्लॅश फ्लडचा अंदाज देते, त्यात चार पातळ्या असतात: शक्यता नाही, शक्यता आहे, दाट शक्यता, आणि होणारच. माझा नियम सरळ आहे, पहिल्या पातळीशिवाय अरुंद स्लॉटमध्ये पाय ठेवायचा नाही. कॅनियनच्या वरचा भाग नकाशावर शोधा आणि तिथला अंदाज बघा, नुसता जवळच्या गावाचा बघून उपयोग नाही. रेंजर स्टेशनला जाऊन विचारा, ते लोक आदल्या दिवशीची परिस्थिती सांगतात. पावसाळी दिवसांत वादळं बहुतेक दुपारनंतर बांधतात त्यामुळे पहाटे निघून दुपारच्या आत बाहेर पडणं बरं, पण सकाळ आहे म्हणून अंदाज न बघता घुसणं चालणार नाही. नॅरोजमध्ये आणखी एक आकडा असतो, व्हर्जिन नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की पार्क ती वाट बंदच करतं.

आत असताना पूर आलाच तर?

पाण्याशी शर्यत लावू नका, घळीतून धावत बाहेर पडणं बहुतेकदा जमत नाही. वर चढा. सहा-सात फूट वर जाता आलं तरी फरक पडतो, जितकं वर तितकं चांगलं, आणि सॅक आड येत असेल तर टाकून द्या.

लक्षणं ओळखायला शिका: स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं, काड्या-पालापाचोळा वाहत येणं, पाण्याचा जोर वाढणं, घळीतून अचानक वाऱ्याचा झोत येणं, लांबून घरघर ऐकू येणं. ह्यातलं एक जरी दिसलं तर चर्चा करत बसायचं नाही. वर पोचल्यावर पाणी उतरेपर्यंत तिथेच थांबा, पहिल्या लोंढ्यामागून दुसरा येऊ शकतो. ह्यासाठीच आत जाताना मान वर करून बघत जायचं की चढायला जागा कुठे आहे, आणि शेवटची तशी जागा किती मागे राहिली.

पाणी किती न्यायचं? वाटेत भरता येतं का?

माणशी दिवसाला एक गॅलन धरा, म्हणजे जवळपास ४ लिटर. वाटेतल्या पाण्यावर अवलंबून राहू नका. स्लॉटमधली डबकी घाण असतात, कधी त्यात मेलेला प्राणीही असतो. झायनमध्ये तर व्हर्जिन नदीत २०२० पासून विषारी सायनोबॅक्टेरिया सापडलेत आणि नेहमीच्या फिल्टरने ते विष जाईलच असं नाही, त्यामुळे ते पाणी पिऊ नका आणि डोकं बुडवू नका.

सोबत खारं खाणं किंवा इलेक्ट्रोलाइट्स हवेतच. दिवसभर घाम गाळून नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि त्याचीही सुरुवात डोकेदुखी-मळमळीने होते म्हणून माणसं ते ऊन लागलंय समजून आणखी पाणी पितात. उन्हाला हलक्यात घेऊ नका, २०१३ च्या जुलैमध्ये द वेव्हच्या (लाटांसारख्या दिसणाऱ्या सँडस्टोनची प्रसिद्ध जागा) वाटेवर त्या एकाच महिन्यात ३ जण गेले. निम्मं पाणी संपलं की परत फिरा, मग पुढे कितीही सुंदर असो.

कपडे आणि बूट कसले?

कोरड्या वाटेसाठी मऊ रबराच्या सोलचे, चांगली ग्रिप असलेले बूट. जाड सोलचे मोठे हायकिंग बूट सँडस्टोनवर उलट त्रास देतात, पायाखाली दगड जाणवतच नाही. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट उन्हाला छान, पण पाणी असलेल्या घळीत सुती कपडा अजिबात नको. बाहेर ३५ अंश असताना सुद्धा बकस्किनच्या आत कमरेएवढ्या गार पाण्यातून जावं लागू शकतं, तिथे ऊन पोचतच नाही आणि ओल्या सुती कपड्यात माणूस काकडून जातो. नॅरोजसाठी बाहेर भाड्याने निओप्रीनचे सॉक्स, पाण्यातले बूट आणि काठी मिळते, घ्याच. पाण्याखालचे गोल गोटे निसरडे असतात आणि काठीशिवाय घोटा मुरगळतो. फोन आणि कोरडा कपडा ड्राय बॅगमध्ये.

मॅप फोनवर आहे, तेवढा पुरे का?

ट्रेलहेडपर्यंत (वाट जिथे सुरू होते तिथपर्यंत) पुरे, आत नाही. रेंज नसतेच, आणि खोल घळीत आकाशाची फक्त पट्टी दिसते त्यामुळे जीपीएस भरकटतं. सॅटेलाइट मेसेंजर जरूर घ्या पण तोही भिंतींच्या मधे अडखळतो, मेसेज पाठवायला मोकळ्या जागी यावं लागतं. कागदी नकाशा ठेवा, ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा.

आणि कुणाला तरी सांगून जा: कुठला कॅनियन, कुठली गाडी, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काय करायचं. २००३ च्या एप्रिलमध्ये ॲरन रॉल्स्टन ब्लूजॉन कॅनियनमध्ये एकटा गेला, दगड सरकून हात अडकला, पाच दिवस तसाच, शेवटी स्वतःचा हात कापून सुटला. कुठे जातोय हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

द वेव्हचं परमिट कसं मिळतं?

लॉटरीने, दुसरा मार्ग नाही. द वेव्ह ज्या भागात आहे त्या नॉर्थ कायोटी ब्यूट्समध्ये दिवसाला जास्तीत जास्त ६४ माणसं किंवा १६ ग्रुप सोडतात. त्यातली ४८ माणसं किंवा १२ ग्रुप ऑनलाइन लॉटरीतून, चार महिने आधी: मे मध्ये जायचं असेल तर जानेवारीत अर्ज, निकाल १ फेब्रुवारीला. उरलेले १६ जण किंवा ४ ग्रुप रोजच्या लॉटरीतून, हाइकच्या दोन दिवस आधी, पण तो अर्ज त्या भागात असतानाच मोबाइलवरून करता येतो, घरी बसून होत नाही. अर्जाची फी ९ डॉलर, परत मिळत नाही, आणि लागली लॉटरी तर माणशी ७ डॉलर.

वाट जाऊन-येऊन सहा-साडेसहा मैल. आखलेली पायवाट नाहीये, परमिटबरोबर फोटो असलेला नकाशा मिळतो आणि दगडावरच्या खुणा बघत जायचं असतं. जाताना दर थोड्या वेळाने मागे वळून बघा, परतताना तोच देखावा समोर असणार आहे आणि चुकणारे बहुतेक परतीलाच चुकतात.

नाही लागली लॉटरी तर रडत बसू नका. त्याच ट्रेलहेडवरून वायर पासमार्गे बकस्किन गल्च करता येतं, त्याला डे-हाइकसाठी लॉटरी नाही, फक्त ऑनलाइन फी भरायची. मला विचाराल तर मनात जास्त राहतं ते बकस्किन.

बाकी कुठे कुठे परमिट लागतं?

झायनमध्ये नॅरोज खालून वर जायला लागत नाही, वरून खाली १६ मैल यायला लागतं. द सबवेला कुठूनही गेलात तरी लागतं. एंजल्स लँडिंगला एप्रिल २०२२ पासून लागतं. आर्चेस नॅशनल पार्कमधल्या फायरी फर्नेसला परमिट किंवा रेंजरची टूर. बकस्किन जिला जाऊन मिळते त्या परीया कॅनियनमध्ये रात्री राहायचं तर लागतं, दिवसाला फक्त २० जण.

अँटिलोप कॅनियनचा प्रकार वेगळा. ती जमीन नवाहो नेशनची (नवाहो आदिवासींचा स्वायत्त प्रदेश), गाइडशिवाय प्रवेश नाही, आणि नॅशनल पार्कचा वार्षिक पास तिथे चालत नाही.

भाड्याची साधी गाडी घेऊन ट्रेलहेडपर्यंत पोचू का?

कोरडं असेल तर बऱ्याच ठिकाणी हो, ओलं असेल तर फोर-व्हील सुद्धा अडकते. हाउस रॉक व्हॅली रोड (वेव्ह आणि वायर पासला जाणारा) चिकणमातीचा आहे, पाऊस पडला की टायरना चिखलाचे थर बसतात आणि गाडी नुसती घसरते. पीकाबूकडे नेणारा होल-इन-द-रॉक रोड कोरडा असतानाही इतका खडबडीत की २६ मैल जायला तास-दीड तास सहज जातो. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा, ओढून आणायचा खर्च प्रचंड असतो.

ट्रेल सोडून जरा बाजूने चाललं तर काय बिघडतं, वाळूच तर आहे?

वाळू नाहीये ती. काळपट, खडबडीत, बारीक बुरुजांसारखा उंचसखल थर दिसतो तो जिवंत आहे, सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, लायकेन मिळून बनलेला. तो माती धरून ठेवतो, पाणी धरतो, नायट्रोजन देतो, झुडपं त्याच्या जिवावर उगवतात. एका पावलाने चुरडतो आणि परत यायला कित्येक दशकं लागतात. चालायचंच असेल तर उघड्या दगडावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चाला. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो, कारण बहुतेक जण मुद्दाम नाही, माहीत नसतं म्हणून तुडवतात.

पाऊस थांबला, ऊन पडलं. आता दगडावर चढलं तर चालेल?

थांबा. सँडस्टोन पाणी पितो आणि ओला असताना कमजोर होतो, धरलेली कपार हातात येऊ शकते. वरून सुकलेला दिसला तरी आत ओल असते, म्हणून क्लायंबर्स एक ते तीन दिवस थांबतात. सपाट दगडावर चालायला हरकत नाही, भार टाकून लोंबकळायला आहे. आर्चवर (दगडाच्या नैसर्गिक कमानीवर) तर कधीच चढू नका. २००८ च्या ऑगस्टमध्ये आर्चेस पार्कमधली वॉल आर्च रात्रीतून आपोआप कोसळली.

आणखी एक, कोरड्या दगडावर चढणं सोपं आणि उतरणं अवघड असतं. जिथून उतरता येईल अशी खात्री नाही तिथे चढूच नका.

अंगाने भरलेला आहे, स्पूकीत अडकेन का? आणि कोंडल्यासारखं होणारे लोक?

काही जणांना खरंच जमत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. सॅक पाठीवरून काढून हातात धरावी लागते, अंग चोरून आडवं सरकावं लागतं, काही जागी मान वळवायला सुद्धा जागा नसते. रिवाज असा की पीकाबूतून वर जायचं आणि स्पूकीतून खाली यायचं, कारण समोरून माणूस आला तर दोघांना ओलांडता येत नाही. शंका असेल तर स्पूकीच्या खालच्या तोंडाशी जाऊन थोडं आत शिरून बघा, समोरून कुणी येत नाहीये ना ते हाक मारून विचारा.

जीव घाबरा होणाऱ्यांनी बकस्किनसारख्या जरा रुंद घळीत जावं. श्वास सोडून सरकत पुढे जावं लागत असेल तर तिथेच थांबून मागे फिरायचं, जबरदस्तीने घुसायचं नाही.

वाळूत रुतलो तर? क्विकसँड खरंच असतं का?

असतं, परीया आणि बकस्किनमध्ये पूर येऊन गेल्यावर हमखास. पूर्ण बुडत नाही माणूस, पण गुडघ्यापर्यंत पाय जाऊन घट्ट धरला जातो. ताकद लावून ओढू नका. मागे रेला, म्हणजे वजन पसरतं, आणि पाय हळूहळू हलवत राहा म्हणजे भोवती पाणी शिरून वाळू सैल होते. काठी असेल तर पुढची वाळू टोचून बघतच चाला.

आई-बाबा आणि लहान मुलं बरोबर आहेत, काही जमेल का?

झायनमधला रिव्हरसाइड वॉक. पक्की वाट, जाऊन-येऊन दोन मैलांच्या थोडी वर, आणि जिथे संपते तिथून नॅरोज सुरू होतं, म्हणजे ज्यांना पाण्यात उतरायचंय ते उतरतील आणि बाकीचे काठावर बसतील. अँटिलोपमध्ये अप्परची आतली वाट सपाट वाळूची आहे, लोअरमध्ये उभे लोखंडी जिने आहेत, गुडघे दुखत असतील तर लोअर नको. मुलांना लिटल वाइल्ड हॉर्स फार आवडतं.

टूरची वेळ आणि फोनवरची वेळ जुळत नाही, असं का?

ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं, नवाहो नेशनही करतं. त्यामुळे पेज गावाच्या आसपास फोन टॉवर बदलला की तासाने उडी मारतो. अँटिलोपच्या टूर्स ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. बुकिंग करताना विचारून घ्या आणि फोनचं ऑटोमॅटिक टाइम बंद करून ठेवा.

ड्रोन, दगड गोळा करणं, भिंतीवर नाव लिहिणं?

ड्रोन नॅशनल पार्कात बंद, नवाहो नेशनच्या ट्रायबल पार्कांतही बंद. नवाहो सँडस्टोनमधून निघणारे गोल लोहाचे गोटे गोंडस दिसतात पण पार्कातून उचलणं बेकायदेशीर आहे. जुन्या कोरीव चित्रांना हात लावू नका, हाताचं तेल बसून खराब होतात. आणि ह्या मऊ दगडावर खिळ्याने लिहिलेलं नाव कित्येक पिढ्या तिथे राहतं, प्लीज नका करू. विष्ठा सुद्धा परीयात पिशवीत भरून परत आणावी लागते, वाळवंटात ती लवकर कुजत नाही.

वेव्हचं परमिट हातात आहे आणि अंदाज ‘शक्यता आहे’ असा आलाय. आता?

वेव्ह स्वतः स्लॉट नाही, उघडा दगड आहे, त्यामुळे वर लिहिलेला पहिल्या पातळीचा नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण तीन गोष्टी बघा. एक, रस्ता: दुपारी पाऊस झाला तर गाडी रात्रभर तिथेच राहू शकते, म्हणून गाडीत जास्तीचं पाणी, खाणं आणि पांघरूण ठेवा. दोन, सुरुवातीचा अर्धा-एक मैल वायर पासच्या ओढ्याच्या पात्रातून जातो, परतताना तिथे पाणी वाहत असेल तर ओलांडायचं नाही, काठावर थांबायचं, बहुतेक वेळा काही तासांत उतरतं. तीन, विजा: उघड्या दगडावर सगळ्यात उंच तुम्हीच असता, गडगडाट ऐकू आला की उंचवट्यावरून खाली या. उजाडता उजाडता निघून दुपारच्या आत गाडीपाशी पोचता येत असेल तर जा. पण परतीला ‘वेळ आहे, जरा बकस्किनमध्ये डोकावू’ हे त्या दिवशी करायचं नाही, आणि अंदाज ‘दाट शक्यता’ किंवा त्याच्या वर असेल तर ७ डॉलर सोडून द्या.